बघायला जायच्या आधी सांगायचं, की सुपारी फुटायच्या आधी? (एचआयव्ही, लग्न आणि बाकीचंही)

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. आयडी नवा आहे, माणूस इथला जुनाच आहे. कारण पुढे वाचलं की कळेल.

वय 33, चाळीसगाव तालुका, स्वतःचं कृषी सेवा केंद्र. रक्तदान शिबिरात रक्त दिलं आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून 'एकदा येऊन भेटा' असा फोन आला. 2018 पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, चालू आहे. रोज रात्री एक गोळी. तब्येत ठणठणीत, खताची पोती अजून स्वतः उतरवून घेतो. व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तात विषाणू किती ते मोजणाऱ्या, रिपोर्टवर गेली काही वर्षं 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' (विषाणू सापडला नाही) येतंय. घरात फक्त थोरल्या भावाला आणि वहिनीला माहीत आहे. आईला वाटतं थायरॉइडची गोळी आहे.

आता तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे स्थळांची रांग लागते. मामांनी अमळनेरकडचं एक स्थळ आणलंय. मुलगी डी.एड. झालेली आहे, फोटो दोन्हीकडून पसंत.

न सांगता लग्न करणार नाही, हे माझं पक्कं आहे, त्यामुळे त्यावर उपदेश नको. प्रश्न एवढाच की कधी सांगायचं आणि आधी कोणाला. भाऊ म्हणतो, बघायला जायच्या आधीच मामांना सांगून टाक, पुढची शोभा तरी टळेल. वहिनी म्हणते, मामांना अजिबात नको, मुलीलाच सांगा, एकट्यात, सुपारी फुटायच्या आधी. एआरटीच्या रांगेत भेटणारा एक मित्र म्हणतो, पॉझिटिव्ह मुलगीच बघ, सांगायची भानगडच नाही.

आमच्या समाजात सगळे एकमेकांचे सोयरे. चाळीसगावात शिंकलं तर रावेरला 'काय रे, सर्दी झाली का' विचारतात. एकदा तोंडातून गेलं की गेलं. दुकानही गावातच आहे. अनुभव असलेल्यांनी लिहा, नसलेल्यांनीही लिहा.

भुसावळ_जंक्शन
पहिला! धागा वाचतोय भाऊ. हिमतीला सलाम.

रोखठोक
कडू वाटेल पण सांगतो. अशा माणसांनी सगळ्यांना सांगितलंच पाहिजे. मुलगी, तिचे आईबाप, दाढी करणारा, दात काढणारा डॉक्टर, सगळे. समाजाला आपली काळजी घेण्याचा हक्क नाही का? दवाखान्यांनी यादीच लावली तर हे प्रश्नच उरणार नाहीत.

नर्सताई_निवृत्त
रोखठोक, यादी लावायचीच तर ज्यांना स्वतःचं स्टेटस (एचआयव्ही आहे की नाही ते) माहीत नाही त्यांची लावावी लागेल. खरा धोका तिकडे आहे, आणि ती यादी कुणाकडेच नाही. गोळ्या नियमित घेणारा गिरणाकाठ त्या न्हाव्याकडे बसला तर न्हाव्याला त्याच्यापासून काहीही होत नाही. न्हाव्याने पातं प्रत्येकाला नवं वापरायचं असतं, समोर कोण बसलंय ते बघून नव्हे. दवाखान्यातही तेच. सगळी नोकरी आम्ही प्रत्येक पेशंटला तो पॉझिटिव्ह असू शकतो असं धरूनच हातमोजे घातले. हिपॅटायटीस बी तर सुईतून याहून कितीतरी सहज लागतो, त्याची यादी कुणी मागत नाही.

वकीलीण_धुळे
यादीबद्दल थोडं कायद्याचं, म्हणजे हा विषय इथेच संपेल.

एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 साली झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 8 प्रमाणे कुणालाही स्वतःचं स्टेटस सांगण्याची सक्ती करता येत नाही, कोर्टाने न्यायासाठी तसा आदेश दिला तरच. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर यांत भेदभावाला मनाई आहे. पॉझिटिव्ह लोकांविरुद्ध द्वेष पसरवणारं काही छापलं वा पसरवलं तर तीन महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा रोखठोक, यादी जरा जपून.

जोडीदाराची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यावर सावकाश लिहिते, आता तारखेला जायचंय.

रोखठोक
मी द्वेष कुठे पसरवला? मत मांडलं. असो.

डॉ_केळीबाग
गिरणाकाठ, आधी विज्ञान स्पष्ट करतो, कारण मुलीला सांगताना तुम्हाला हेच सांगावं लागणार आहे.

एआरटीवर असलेल्या माणसाचा व्हायरल लोड दर मिलिलिटर रक्तात 200 च्या खाली आला आणि तिथेच टिकून राहिला, तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. 'कमी होते' असं मी म्हणत नाहीये, होत नाही. हे उगीच धीर द्यायला सांगितलेलं नाही. 2011 साली नऊ देशांतल्या 1763 जोडप्यांच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. एक जोडीदार पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह, अशी ही जोडपी. त्यात आपल्या पुण्याच्या 'नारी' या एड्स संशोधन संस्थेतली जोडपीही होती. उपचार लवकर सुरू केल्यावर जोडीदाराला होणारी लागण 96 टक्क्यांनी घटली. नंतर युरोपातल्या जोडप्यांचा अभ्यास झाला, त्यांत व्हायरल लोड दबलेल्या जोडीदाराकडून झालेली लागण शून्य निघाली.

मूल नेहमीसारखंच होऊ शकतं. तुमचा लोड दबलेला, बायको निगेटिव्ह, म्हणजे बाळाला कुठून लागणार? आई पॉझिटिव्ह असेल तेव्हा औषधांची खरी गरज पडते. तिथेही नीट उपचार घेतले तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत येतं.

दोन अटी आहेत. गोळी चुकवायची नाही. आणि रक्तदान करायचं नाही, कधीच. लोडचा नियम रक्ताला लागू होत नाही.

भुसावळ_जंक्शन
डॉक्टर, बावळट प्रश्न. एकाच ताटात शेवभाजी खाल्ली तर?

डॉ_केळीबाग
आग पोटात होईल, ती शेवभाजीमुळे. बाकी काही नाही.

भरीत_पार्टी
शेवभाजी म्हणजे कुठली, धुळ्याची की जळगावची? आधी ते ठरवा, एचआयव्हीचं नंतर बघू.

वकीलीण_धुळे
धुळ्याचीच. यात वाद नाही. पुढे लिहिते.

कलम 10 मध्ये पॉझिटिव्ह व्यक्तीवर एक कर्तव्य टाकलंय: दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्यायची. त्यात धोका कमी करणारे उपाय येतात आणि संबंधाआधी स्टेटस सांगणंही येतं. म्हणजे कायदा 'सांगा' एवढंच म्हणत नाही, 'काळजी घ्या' म्हणतो. आणि बाईला मारहाणीची किंवा घराबाहेर काढलं जाण्याची वाजवी भीती असेल तर तिच्यावर हे कर्तव्य नाही. ज्यांनी कायदा लिहिला त्यांना आपली घरं ठाऊक होती, असंच म्हणायचं.

कलम 9 जोडीदाराला कळवण्याबद्दल आहे. डॉक्टर किंवा समुपदेशकच तसं सांगू शकतात, तेही जोडीदाराला मोठा धोका असेल, पॉझिटिव्ह माणसाला समजावून झालं असेल, तो सांगणार नाही अशी खात्री पटली असेल आणि 'आम्ही आता सांगणार आहोत' हे त्याला कळवलं असेल तरच. कंपाउंडर, शेजारी, मामा यात बसत नाहीत.

आता लग्न. सर्वोच्च न्यायालयाने 1998 च्या एका निकालात पॉझिटिव्ह माणसाच्या लग्नाच्या हक्काबद्दल फार कडक उद्गार काढले होते. 2002 साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते उद्गार त्या प्रकरणात गरजेचे नव्हते असं म्हटलं. त्यामुळे 'कायद्याने लग्नच करता येत नाही' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पण लपवून लग्न केलं तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम 12 खाली फसवणुकीच्या मुद्द्यावर ते रद्द होऊ शकतं. गिरणाकाठला याची गरज नाही, वाचणाऱ्या बाकीच्यांना असेल म्हणून लिहिलं.

तीच_ती
आज पहिल्यांदाच लिहितेय, वाचते रोज.

माझे मालक ट्रकवर होते, आग्रा रोडला. ते गेले तेव्हा मी पोटुशी होते. तपासणी झाली तेव्हा दवाखान्यातल्या एका बाईने माझ्या आधी माझ्या सासूला सांगितलं. मी बाहेर बाकावर बसलेली, आत सासूला कळतंय. त्या दिवसापासून घरात माझं ताट, तांब्या, बादली वेगळी. मुलगी निगेटिव्ह आहे, आता कॉलेजला जाते.

म्हणून माझं सांगणं असं की आधी कोणाला कळतं यावर पुढचं सगळं ठरतं. मला आधी कळलं असतं तर मी आईकडे जाऊन, विचार करून, हळूहळू सांगितलं असतं. सासूने सांगितलं तेव्हा मीच गुन्हेगार ठरले, आजार आणणारा तर फोटोत हार घालून बसला होता.

गिरणाकाठ भाऊ, वहिनीचं ऐका. मामांना सांगितलंत तर ती बातमी अमळनेरला तुमच्या आधी पोचेल, आणि मुलीला ती तुमच्या तोंडून नाही, तिच्या काकूच्या तोंडून कळेल. तेही 'एड्स आहे म्हणे' अशा भाषेत. मग डॉक्टरांनी लिहिलेलं वर्षं नि आकडे तिला कोण सांगणार?

नर्सताई_निवृत्त
तीच_ती, तुमच्या बाबतीत जे झालं ते तेव्हाही नियमात बसत नव्हतं. रिपोर्ट ज्याचा त्यालाच, तोही समुपदेशकाने, बंद खोलीत. इतकंच सांगू शकते.

जिभाऊ
मी अडाणी मानूस भाऊ, मराठी लिव्हतां येत नही नीट, आयरानीतच सांगस. ज्या पोरनं जीवन तुनासंगे जानार शे तिले पयले सांग. मामाले सांगं म्हंजे चावडीवर सांगं. मामा वाईट नही, पन मामाले मामी शे.

भरीत_पार्टी
'मामाले मामी शे' 😂😂 जिभाऊ, दंडवत.

सातपुडा
मी नंदुरबार जिल्ह्यात आश्रमशाळेवर आहे. थोडं अवांतर, पण विषय तोच आहे: मुलाला त्याचं स्वतःचं स्टेटस कधी सांगायचं?

आमच्याकडे एक मुलगा होता, आईबाप दोघेही गेलेले, आजीने वाढवलेला. आजीने त्याला सांगितलेलं, 'ही शक्तीनी गोळी शे, ताकद येस.' सातवीत तो कबड्डीत चमकला आणि त्याने गोळी बंद केली, कारण ताकद आता आलीच होती. त्याच्या दृष्टीने बरोबरच होतं. नंतर आजारी पडला. समुपदेशक ताईंनी त्याच्याशी टप्प्याटप्प्याने बोलून सांगितलं. आधी 'तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवून ठेवते', नाव बरंच नंतर. नाव कळल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, 'मग आजीला माहीत होतं का?' आजाराचा राग त्याने केला नाही, आजीचा केला. बरेच महिने तिच्याशी बोलला नाही.

शाळेच्या वयातच, सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, हळूहळू सांगावं असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. आपल्याकडे लोक 'दहावी होऊ दे' म्हणतात, मग 'बारावी होऊ दे'. तोवर पोराने मोबाइलवर गोळीचं नाव टाकून बघितलेलं असतं.

शाळेत कोणाला माहीत होतं, हा पुढचा प्रश्न कुणीतरी विचारणारच. मला, कारण रात्रीची गोळी द्यायची होती. मुख्याध्यापकांनाही नव्हतं. गरजही नव्हती.

रोखठोक
हे पटलं. मुलाच्या बाबतीत.

भुसावळ_जंक्शन
रोखठोक सुधारतोय, स्क्रीनशॉट काढा कुणीतरी.

तीच_ती
गोळीवरून आठवलं. ती बाटली असते ना गोळ्यांची, पिशवीत वाजते. लेबल तर आम्ही सगळ्याच रांगेतून बाहेर पडताच फाडतो, पण वाजण्याचं काय करणार? मी वरून कापूस ठासते. माझी मैत्रीण गोळ्या कुंकवाच्या डबीत ठेवायची, मीच तिला ओरडले, ओल लागून खराब होतात म्हणून.

भरीत_पार्टी
कापसाला भाव नाही म्हणतात, घ्या, काहीतरी उपयोग निघाला.

तीच_ती
आणखी एक. संजय गांधी निराधार योजनेत आम्हाला पैसे मिळतात. त्यासाठी कागद तलाठ्याकडे, मग तहसीलला. सरकारी दवाखान्याचा दाखला जोडावा लागतो. तलाठ्याच्या टेबलाशी नेहमी गावातले चार जण बसलेले. मी तो दाखला लिफाफ्यात घालून दिला, त्यांनी तो सगळ्यांसमोर उघडला आणि मोठ्यानेच विचारलं, 'कोणता आजार?' मी म्हटलं, 'वाचा ना भाऊ, लिहिलंय त्यात.' त्यांनी वाचलं आणि गप्प बसले. बरे होते बिचारे, नंतर कधी कुणाला बोलले नाहीत.

एसटीचंही तसंच. एचआयव्हीवाल्यांना साध्या गाडीत मोफत प्रवास आहे, पण कार्ड कंडक्टरला दाखवावं लागतं, गाडी भरलेली असताना. मी कधीच दाखवलं नाही. 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, माझा प्रश्नच मिटला. पुरुष काय करतात माहीत नाही.

गिरणाकाठ
पूर्ण तिकीट काढतात. मी तरी काढतो.

सातपुडा
आमच्या भागात तीच सवलत सिकलसेलवाल्यांना आहे. त्यामुळे नंदुरबारकडे कंडक्टर कार्ड बघितलं की सिकलसेलच समजतो आणि पुढे जातो. सिकलसेलचं कार्ड आता पोरं लग्न ठरवताना स्वतःहून दाखवतात, पिवळं कार्ड, लाल कार्ड. त्यात लाज कुणालाच वाटत नाही, कारण आजार आईबापाकडून आलाय हे सगळ्यांना माहीत. एचआयव्हीत 'कुठून आणलं' हा प्रश्न आधी येतो.

डॉ_केळीबाग
हा प्रश्न मुलीकडून नक्की येणार, गिरणाकाठ. काय उत्तर द्यायचं ते आधी ठरवून ठेवा.

आणि डॉक्टरांना सांगायचं की नाही, हे वर कुणीतरी काढलं होतं. माझं मत: इलाज करणाऱ्या डॉक्टरला सांगा, औषधांसाठी. डोलुटेग्राव्हिर (एआरटीतलं एक औषध) असलेल्या गोळीबरोबर मॅग्नेशियम किंवा अॅल्युमिनियम असलेली अॅसिडिटीची औषधं, कॅल्शियम, लोह एकाच वेळी घेतलं तर गोळी नीट शोषली जात नाही. ती या गोष्टींच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर तिचा डोस मर्यादित ठेवावा लागतो. टीबीची रिफाम्पिसिन सुरू झाली तर डोलुटेग्राव्हिर दिवसातून दोनदा घ्यावं लागतं. हे डॉक्टरला माहीत नसलं तर नुकसान तुमचंच. पण रिसेप्शनवरच्या पोराला, लॅबच्या वहीत, बाहेरच्या फॉर्मवर लिहायची काही गरज नाही. आत गेल्यावर सांगा.

भुसावळ_जंक्शन
आत गेल्यावर सांगितलं आणि डॉक्टर म्हणाला 'आमच्याकडे सोय नाही, जिल्ह्याला जा', मग? माझ्या ओळखीत झालंय हे, साध्या हर्नियाला. दवाखान्याचं नाव लिहीत नाही.

वकीलीण_धुळे
तसं नाकारणं भेदभावात येतं. या कायद्याखाली राज्याने लोकपाल नेमायचा असतो, त्याच्याकडे तक्रार करता येते, आणि आपली ओळख लपवून ठेवण्याची मागणीही करता येते. पण हर्निया घेऊन कोण तक्रार करत बसणार, हे मलाही कळतं. आधी 1097 वर फोन करा. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची हेल्पलाइन आहे, मोफत. ते जवळच्या केंद्राशी जोडून देतात.

नर्सताई_निवृत्त
सगळं लिहून झालं पण गिरणाकाठच्या मित्राच्या सल्ल्यावर कुणीच बोललं नाही. पॉझिटिव्ह मुलगीच बघावी का? आपल्याकडे पॉझिटिव्ह वधू-वर मेळावे भरतात, आणि त्यात जमलेली लग्नं टिकलेली मी पाहिली आहेत. दोघांनाही लपवावं लागत नाही, गोळीची वेळ एकच, रांगेतही सोबत. पण ते सोपं म्हणून करू नये. पॉझिटिव्ह मुलीला तुमच्या घरात सांगायचं कोणाला, हा प्रश्न मग तिलाही लागू होतो, म्हणजे गुपितं दोन.

जिभाऊ
मना भाचानं तसंच लगीन झायं. चांगला शेतस दोन्ही. दोन पोरं. गावले आजून म्हाईत नही.

भरीत_पार्टी
जिभाऊ, आता इथे लिहिलंत, गाव वाचत असेल तर?

जिभाऊ
गावले वाचता येस का? आन मना भाचा चार शेतस.

गिरणाकाठ
सगळ्यांचे आभार. तीच_ती ताई, तुमचं वाचून रात्री बराच वेळ जागा होतो.

मामांना सांगायचं नाही, हे ठरलं. भावाशीही बोललो, त्यालाही जिभाऊंचं 'मामाले मामी शे' पटलं. अडचण आता अशी की बघण्याच्या कार्यक्रमात आमच्याकडे मुलामुलीला पाच मिनिटं गच्चीवर पाठवतात. बाकी सगळे खाली पोहे खातात. त्या पाच मिनिटांत सांगायचं का?

भुसावळ_जंक्शन
पाच मिनिटांत व्हायरल लोड समजावणार? त्यात तिचा लहान भाऊ जिन्यात उभा असतो.

डॉ_केळीबाग
पाच मिनिटांत अजिबात नको. दोघांकडून होकार आला की 'आम्हाला एकदा-दोनदा भेटू द्या' असं वडीलधाऱ्यांकडून काढून घ्या. हल्ली देतात. पहिल्या भेटीत नेहमीच्या गप्पा, दुसऱ्या भेटीत सांगा. सुपारी, साखरपुडा, हॉलचं बुकिंग याच्या आधी. रिपोर्ट सोबत न्या, तुमची एआरटी केंद्राची हिरवी वही आणि शेवटचा व्हायरल लोड. आणि तिला म्हणा, तुझी इच्छा असेल तर माझ्या केंद्रातल्या समुपदेशकाशी एकटीने बोल, मी बाहेर थांबतो. तुम्हीच सगळं समजावलं तर तिला वाटेल माल विकतोय. तिसऱ्या माणसाकडून ऐकलं की वेगळं वाटतं.

रोखठोक
आणि तिने तिच्या घरी सांगायचं म्हटलं तर? ते तर म्हणणारच. आईबापाला न विचारता ती कशी हो म्हणेल?

वकीलीण_धुळे
चांगला प्रश्न आहे, खरंच. तिला 'कुणाला सांगू नकोस' अशी शपथ घालू नका. तिच्यावर तो भार टाकण्याचा हक्क तुम्हाला नाही. एवढंच विचारा की आधी एकाच माणसाला सांगशील का, आणि तो माणूस तू निवड. आई, बहीण, जी कुणी असेल ती. मी अशा जोडप्यांच्या बाबतीत पाहिलंय, बहुतेक मुली आईला न सांगता मोठ्या बहिणीला सांगतात.

तीच_ती
मला यात आणखी एक दिसतंय, ते कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

समजा ती नाही म्हणाली. होकार आधी झालेला, दोनदा भेटलेली, मग एकदम नाही. तिच्या घरचे विचारणार, 'का? त्याने काय केलं? तू काय केलंस?' तिला एकतर तुमचं गुपित फोडावं लागेल, नाहीतर स्वतः बोल खावे लागतील. मुलीने नकार दिला की बोल मुलीलाच बसतो. म्हणून सांगतानाच तिला म्हणा: तुला नको वाटलं तर तू काही बोलू नकोस, नकार आमच्याकडून जाईल. पत्रिका जुळत नाही म्हणून. मग तिला घरी काही सांगावंच लागणार नाही, आणि तुमचंही कुठे जाणार नाही.

नर्सताई_निवृत्त
हे मला सुचलं नसतं. 🙏

डॉ_केळीबाग
+1. आणि मुलीने लगेच उत्तर द्यावं असा आग्रह धरू नका.

भुसावळ_जंक्शन
पण आमच्यात पत्रिका बघतच नाहीत, मग?

भरीत_पार्टी
मग मुलीकडच्यांनी म्हणावं मुलगा दुकानदार आहे, आम्हाला नोकरीवालाच पाहिजे. खान्देशात सगळ्यांना पटेल, कुणी दुसरा प्रश्न विचारणार नाही.

गिरणाकाठ
हे कारण तर एचआयव्ही नसतानाही ऐकून झालंय 😀

पत्रिका आम्ही बघतो, मामा तर फारच बघतात, त्यामुळे ती सोय आहे. वहिनीला आजच सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते, कार्यक्रम पुढच्या रविवारनंतर ठेवू, तोपर्यंत समुपदेशक ताईंना भेटून ये आणि त्या मुलीशी बोलायला तयार आहेत का ते विचार. आणि गोळीच्या बाटलीत कापूस घाल म्हणाली.

जिभाऊ
कपाशी लागनी तं सांग, मनाकडे दोन क्विंटल पडेल शे.